अणुभट्टीतून निघालेलं इंधन दुरून कसं मोजतात आणि लेसरनं कसं सोडवतात

प्रश्न थोडक्यात असा आहे: अणुभट्टीतून बाहेर काढलेल्या इंधनाजवळ माणूस जाऊच शकत नाही, मग त्याची लांबी-रुंदी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात कशी? इंधन भरलेल्या बारीक नळ्यांचा, म्हणजे पिनचा, जुडगा जिच्यात बसवलेला असतो ती नळी, म्हणजे असेंब्ली, उघडायला करवत सोडून लेसर कशाला? आणि लेसरनं आतलं इंधन पेटणार नाही का?

मी लेसरपासून सुरुवात करणार नाही. हॉट सेलमधल्या, म्हणजे किरणोत्सारी वस्तू दुरून हाताळायच्या बंद खोलीतल्या, कामानं माझं एक मत पक्कं केलंय: काप नीट जाणार की नाही, हे लेसर सुरू होण्याआधीच ठरलेलं असतं आणि ते ठरतं मोजमापाच्या तक्त्यावर. लोकांना ठिणग्यांचे फोटो आवडतात, पण त्यामागची मेहनत मोजण्याची असते.

आधी जवळ का जाता येत नाही ते पाहू. नेहमीच्या वीजकेंद्रातल्या भट्टीतून काढून १० वर्षं थंड केलेल्या इंधन असेंब्लीच्या पृष्ठभागाशी किरणोत्साराची मात्रा ताशी १०० सिव्हर्टच्या वर असते. एकदम ५ सिव्हर्टच्या आसपास मात्रा मिळाली आणि उपचार झाले नाहीत, तर माणूस वाचण्याची शक्यता निम्म्याहूनही कमी. म्हणजे अगदी लगत उभं राहिलं तर काही मिनिटांचाच प्रश्न. म्हणून सगळं काम मीटरभर जाडीच्या काँक्रीट भिंतीआड चालतं. बघायला शिशाच्या काचेची जाड खिडकी आणि हात म्हणून मॅनिप्युलेटर, एवढंच आपल्याकडे असतं. ही खिडकीसुद्धा फसवी असते. एवढ्या जाड काचेतून प्रकाश वळतो आणि मीटरभर जाडीच्या खिडकीपलीकडची वस्तू साधारण ४० सेंटिमीटर जवळ आलेली दिसते. तिरकं पाहिलं तर सरळ कडाही सरळ दिसत नाही. त्यामुळे खिडकीतून पाहून अंदाज बांधायचा नाही, हा इथला पहिला नियम.

आता मोजायचं काय? भट्टीत जाते ती असेंब्ली आणि बाहेर येते ती असेंब्ली यांचा आकार एक नसतो. द्रुत अणुभट्टीचं, म्हणजे फास्ट ब्रीडरचं, उदाहरण घेतो, कारण तिथे हा बदल सगळ्यात जास्त दिसतो. वेगवान न्यूट्रॉन पोलादातल्या अणूंना त्यांच्या जागेवरून उडवतात. रिकाम्या झालेल्या जागा एकत्र येऊन धातूच्या आत अतिसूक्ष्म पोकळ्या तयार होतात आणि पोलाद चक्क फुगतं. स्कॉटलंडमधल्या डाउनरे इथल्या द्रुत भट्टीतल्या पोलादात कॉथॉर्न आणि फुल्टन यांना या पोकळ्या सापडल्या. ते निरीक्षण १९६७ साली प्रसिद्ध झालं आणि जगभरच्या फास्ट रिॲक्टरवाल्यांना आपली गणितं पुन्हा मांडावी लागली. समजा पोलादाचं आकारमान ६ टक्क्यांनी वाढलं, तर कोणत्याही एका दिशेत ते साधारण २ टक्के वाढतं. ५० मिलिमीटर रुंदीची षटकोनी नळी असेल तर हा सरळ १ मिलिमीटर झाला. शेजारच्या असेंब्लीत आणि तिच्यात मुळात जागाच थोडी असते, त्यामुळे १ मिलिमीटर ही फार मोठी गोष्ट आहे.

फुगणं एकसारखं असतं तर काम सोपं झालं असतं. पण असेंब्लीची भट्टीच्या मध्याकडची बाजू जास्त न्यूट्रॉन खाते, बाहेरची कमी. एक बाजू जास्त वाढली की नळी धनुष्यासारखी वाकते. शिवाय इंधन थंड ठेवायला आतून वाहणाऱ्या द्रव सोडियमचा दाब सपाट भिंतींना बाहेर ढकलत राहतो आणि न्यूट्रॉनच्या माऱ्याखाली धातू त्या दाबापुढे हळूहळू सरकतो. परिणामी सपाट बाजू फुगीर होतात, कोपरे मात्र फारसे हलत नाहीत. म्हणून आम्ही सपाट बाजू ते सपाट बाजू आणि कोपरा ते कोपरा अशी दोन्ही मापं घेतो. दोन्ही मापं सारख्या प्रमाणात वाढली असतील तर पोकळ्यांमुळे फुगलंय. फक्त सपाट बाजूच बाहेर आल्या असतील तर दाबाखाली सरकलंय. वाढ तेवढीच, पण कारण वेगळं, आणि भट्टी चालवणाऱ्यांना द्यायचा सल्लाही वेगळा.

मोजण्याची साधनं दोन प्रकारची. एक स्पर्श करणारं: एलव्हीडीटी, म्हणजे टोक किती सरकलं ते विजेच्या संदेशात सांगणारा प्रोब. त्यात तारेचं वेटोळं आणि आत सरकणारा लोखंडी गाभा एवढंच असतं. सेलच्या आत इलेक्ट्रॉनिक्स काहीच नसतं. संदेश केबलनं भिंतीबाहेर येतो आणि पुढची प्रक्रिया बाहेर होते. म्हणून ते किरणोत्सारात टिकतं. दुसरं स्पर्श न करणारं: लेसर मायक्रोमीटर किंवा कॅमेरा. यात प्रकाशाच्या पट्ट्यात वस्तूची सावली पडते आणि सावलीची रुंदी हे माप. हे वेगवान असतं, पण त्यातल्या चिप किरणोत्सारात मरतात आणि साध्या काचेची भिंगं तपकिरी पडतात. म्हणून शक्य तिथे नाजूक भाग भिंतीबाहेर ठेवायचा आणि आरसे किंवा पेरिस्कोपनं प्रतिमा बाहेर आणायची. माझा कल विचाराल तर असेंब्लीसाठी एलव्हीडीटी आणि बारीक पिनसाठी सावलीची पद्धत. पिनला हलका स्पर्शही कधीकधी नकोसा असतो.

एलव्हीडीटीची मांडणी जवळून पाहा, त्यात एक सुंदर युक्ती आहे. दोन प्रोब समोरासमोर ठेवतात, मध्ये असेंब्ली. दोघांच्या वाचनांची बेरीज केली की रुंदी मिळते. असेंब्ली थोडी डावी-उजवीकडे सरकलेली असली तरी बेरजेत फरक पडत नाही. वजाबाकी करून निम्मी केली की मध्यरेषा किती सरकली ते कळतं. म्हणजे एकाच फेरीत फुगणं आणि वाकणं दोन्ही हाती येतात. ठरावीक अंतरावर वाचन घेत वरपासून खालपर्यंत जायचं, मग असेंब्ली ६० अंशांनी फिरवायची आणि पुन्हा सुरुवात.

हे फिरवणं सर्व बाजू मोजण्यासाठी तर लागतंच, पण त्याहून मोठं कारण आहे. असेंब्ली आडवी ठेवली तर ती स्वतःच्या वजनानं मध्ये थोडी झोळते आणि ही झोळ वाकल्यासारखी दिसते. फरक ओळखायचा कसा? झोळ नेहमी जमिनीकडेच राहते. खरा बाक असेंब्लीबरोबर फिरतो. सहा स्थितींमधली वाचनं शेजारी मांडली की दोन्ही वेगळे काढता येतात. ज्यांच्याकडे उंची आहे ते असेंब्ली उभी टांगतात, मग ही भानगडच राहत नाही.

तापमानाचाही हिशेब ठेवावा लागतो. किरणोत्साराच्या उष्णतेमुळे असेंब्ली सेलपेक्षा गरम असते. या पोलादाचा प्रसरणांक धरला तर १.६ मीटर लांबीवर २० अंशांच्या फरकानं अर्ध्या मिलिमीटरहून अधिक वाढ दिसते, आणि ती भट्टीतली वाढ नव्हेच. म्हणून प्रत्येक फेरीच्या आधी आणि नंतर सेलमध्येच ठेवलेला ज्ञात मापाचा ठोकळा त्याच प्रोबनं मोजायचा. दोन वाचनं जुळली नाहीत तर मधली सगळी फेरी रद्द. इथे हात आखडता घेऊ नये. एक फेरी पुन्हा घेणं परवडतं, चुकीच्या आकड्यावर काप घेणं परवडत नाही.

बाहेरचा आकार कळला, पण आत काय आहे? साध्या क्ष-किरण चित्राचा इथे फारसा उपयोग होत नाही, कारण इंधनातून निघणारे गॅमा किरणच फिल्म काळी करून टाकतात. उपाय न्यूट्रॉन रेडिओग्राफीचा. कल्पक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात यासाठी ‘कामिनी’ नावाची छोटी भट्टी आहे. ३० किलोवॅटची, युरेनियम-२३३ वर चालणारी, १९९६ साली सुरू झालेली. ती हॉट सेलच्या खालीच बांधलेली आहे, त्यामुळे इंधन इमारतीबाहेर न काढता थेट खाली सोडता येतं. फिल्मऐवजी डिस्प्रोशियमचा पातळ पत्रा न्यूट्रॉनसमोर धरतात. गॅमाचा त्याच्यावर ठसा उमटत नाही, न्यूट्रॉनचा उमटतो: जिथे न्यूट्रॉन पडतात तिथे पत्रा स्वतःच किरणोत्सारी होतो. मग तो पत्रा बाहेर आणून अंधारात फिल्मवर दाबून ठेवतात. त्याच्यातल्या या किरणोत्साराचा अर्धायुष्यकाल साधारण २ तास २० मिनिटांचा असतो, त्यामुळे रेंगाळायला वेळ नसतो. या चित्रात पिनची टोकं, इंधनाच्या गोळ्यांमधल्या फटी आणि पिनचा बाक दिसतो. जोडीला गॅमा स्कॅनिंग असतं. सीझियम-१३७ चे ६६२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण अरुंद फटीतून मोजत गेलं की इंधन नेमकं कुठे सुरू होतं, कुठे संपतं आणि कुठे जास्त जळलंय याचा आलेख तयार होतो.

आता कापरेषा. ड्रॉइंगवर ती पिनच्या टोकापलीकडच्या मोकळ्या जागेत असते. पण भट्टीत पिनही लांबतात आणि नळीही लांबते, तीही सारख्या प्रमाणात नाही. ड्रॉइंगप्रमाणे कापलं तर काप पिनच्या टोकावरच्या बुचावर येऊ शकतो. म्हणून कापरेषा ड्रॉइंगवरून नव्हे, न्यूट्रॉन चित्रावरून आखायची. माझ्या लेखी या सगळ्या कामातला हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय आहे.

लेसर का, याचं पहिलं उत्तर बळाचं आहे. करवत किंवा मिलिंग कटर धातूला ढकलतं. त्यासाठी असेंब्ली घट्ट आवळावी लागते आणि न्यूट्रॉन खाल्लेलं पोलाद ठिसूळ झालेलं असतं. वाकलेली ठिसूळ नळी आवळून तिच्यावर कटर चालवलं तर ती तडकू शकते, पातं अडकू शकतं. आणि पातं अडकलं की ते सोडवायला कुणी आत जाऊ शकत नाही. लेसर ढकलत नाही. दुसरं उत्तर कचऱ्याचं. ५० मिलिमीटर रुंदीची षटकोनी नळी घ्या, भिंत २ मिलिमीटर माना. अर्ध्या मिलिमीटर रुंदीचा लेसरचा काप पूर्ण वळसा घेतो तेव्हा सुमारे दीड ग्रॅमपेक्षा कमी धातू निघतो. ३ मिलिमीटरच्या कटरनं तोच काप घेतला तर जवळपास ८ ग्रॅम. हा धातू प्रखर किरणोत्सारी असतो आणि त्याचा प्रत्येक कण मॅनिप्युलेटरनं गोळा करावा लागतो. तिसरं उत्तर दुरुस्तीचं: लेसरचा स्रोत भिंतीबाहेर, माणसांच्या खोलीत राहतो. १.०६ मायक्रॉन तरंगलांबीचा निओडिमियम-याग लेसर काचेच्या फायबरमधून सहज जातो. कार्बन डायऑक्साइड लेसरची १०.६ मायक्रॉन तरंगलांबी अशा फायबरमधून जात नाही, म्हणून तो इथे बाद. फायबर भिंतीतून नेताना वाट मुद्दाम वळणाची ठेवतात, म्हणजे गॅमा किरणांना सरळ बाहेर यायला रस्ता मिळत नाही. आत उरतं फक्त भिंग, नोझल आणि ते हलवणारं यंत्र.

प्रत्यक्ष काप असा होतो. लेसर सलग न सोडता मिलिसेकंदांच्या स्पंदांत सोडतात. सरासरी शक्ती काहीशे वॅट, पण स्पंदाच्या क्षणी काही किलोवॅट. प्रत्येक स्पंद एक ठिपका वितळवतो, पुढचा ठिपका आधीच्यावर बराचसा चढतो आणि नोझलमधून येणारा वायू वितळलेला धातू खाली उडवतो. साध्या वर्कशॉपात ऑक्सिजन वापरतात, त्यानं कापायचा वेग वाढतो. पण ज्या सेलमध्ये निष्क्रिय वायू भरलेला असतो तिथे ऑक्सिजन सोडणं म्हणजे सेलचं वातावरणच बिघडवणं, म्हणून नायट्रोजन किंवा आर्गॉन. वेग कमी मिळतो, तो मान्य करायचा.

नोझल पृष्ठभागापासून साधारण १ मिलिमीटरवर असतं आणि फोकसला अर्ध्या-एक मिलिमीटरपलीकडे चूक चालत नाही. नळी जर ३ मिलिमीटर वाकलेली असेल आणि यंत्र ती सरळ आहे असं धरून चाललं, तर एका बाजूला नोझल धडकेल आणि दुसऱ्या बाजूला काप आरपार जाणारच नाही. म्हणून मोजमापाचा तक्ता थेट यंत्राच्या मार्गात भरतात. काप आरपार जातोय का, हे ठिणग्या सांगतात: खालून सुटत असतील तर ठीक, वर, नोझलच्या दिशेनं उडायला लागल्या तर भिंत फुटलेली नाही. अनुभवी ऑपरेटरला हे कॅमेऱ्यात एका नजरेत कळतं. अर्धवट कापलेल्या जागी वितळलेला धातू पुन्हा गोठून दोन्ही कडा जोडल्या जातात, आणि मग वरवर कापलेली दिसणारी नळी ओढली तरी सुटत नाही. अशा वेळी जोर लावू नये. त्याच रेषेवर दुसरी फेरी घ्यावी.

भिंत फुटल्यावर किरण आत जातो त्याचं काय? भिंगाचं नाभीय अंतर जितकं कमी, तितका किरण फोकसपलीकडे लवकर पसरतो आणि आतल्या वस्तूवरचा मारा सौम्य होतो. पण कमी अंतराचं भिंग कापाच्या जवळ येतं, त्यावर शिंतोडे उडतात आणि पुढची संरक्षक काच वारंवार बदलावी लागते. ती बदलणंही मॅनिप्युलेटरनंच, म्हणून तिचा स्क्रू मोठ्या डोक्याचा आणि सैल झाला तरी खाली न पडणारा हवा. मला विचाराल तर मी जवळचं भिंग घेऊन काचा बदलत बसेन. काच बदलता येते, छिद्र पडलेली पिन पुन्हा बंद करता येत नाही.

दोन्ही टोकांचे काप झाले की नळी ओढून काढायची आणि आतला जुडगा मोकळा करायचा. नळी आणि पिन दोन्ही फुगल्यानं जुडगा अडकला असेल, तर नळीला उभा काप देऊन तिची भिंत बाजूला करावी लागते. इथे लेसरखाली इंधन असतं, म्हणून शक्ती कमी, वेग काटेकोर, आणि आधीच्या मापांवर डोळा. मग एकेक पिन बाहेर येते, तिचा क्रमांक कॅमेऱ्यात नोंदवला जातो आणि मोजणी जुळल्याशिवाय पुढची पिन काढत नाहीत.

इंधन पेटण्याचा प्रश्न रास्त आहे. उत्तर इंधनावर अवलंबून आहे. ऑक्साइड इंधन आधीच ऑक्सिजनशी संयोग पावलेलं असतं, ते पेट घेत नाही. कार्बाइड इंधनाचं तसं नाही. त्याची पूड हवेत पेट घेऊ शकते आणि ओलाव्याशीही प्रक्रिया होते. म्हणूनच निष्क्रिय वायूचं वातावरण आणि म्हणूनच इंधन नसलेल्या भागात काप. पिनला चुकून छिद्र पडलंच तर आतला विखंडन वायू, मुख्यतः झेनॉन आणि क्रिप्टॉन, बाहेर येतो. त्यातला क्रिप्टॉन-८५ साधारण १०.७ वर्षं अर्धायुष्याचा. तो वायुवीजनात लगेच दिसतो, म्हणून काप चालू असताना त्या मापकावर एकाची नजर कायम असते. मला लेसरची खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते: तो धातूची अतिसूक्ष्म धूळ तयार करतो. करवतीचा कीस खाली पडतो, ही धूळ तरंगत राहते आणि फिल्टर भरते. कापाच्या अगदी शेजारी शोषण नळी आणि तिच्या वाटेत आधीची जाळी नसेल तर महागडे फिल्टर लवकर बाद होतात आणि ते बदलणं हे स्वतःच एक किरणोत्सारी काम आहे.

जड पाणी भट्ट्यांच्या इंधनाला वेगळा विचार लावावा लागतो. भारतातल्या २२० मेगावॅटच्या अशा भट्ट्यांचा १९ पिनचा जुडगा सुमारे अर्धा मीटर लांब असतो आणि दोन्ही टोकांच्या चकत्यांना पिन जोडलेल्या असतात. तिथे नळी कापायचीच नसते. चकतीचे जोड लेसरनं सोडवले की पिन सुट्या होतात. पण धातू झिर्केलॉय, म्हणजे झिर्कोनियमचा मिश्रधातू, आणि त्याची बारीक पूड पेटते. तिथे नायट्रोजनपेक्षा आर्गॉन बरा, कारण तापलेलं झिर्कोनियम नायट्रोजनशीही संयोग पावतं.

फुकुशिमाचं लोक हमखास विचारतात. तिथे वितळून गोठलेलं इंधन आहे; आकार माहीत नाही, मिश्रण जागोजागी वेगळं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये दोन क्रमांकाच्या भट्टीतून पहिला नमुना बाहेर आला, एक ग्रॅमहूनही कमी. अशा ढिगाऱ्यावर लेसर चालेल का यावर फ्रान्स आणि जपानमध्ये नकली ढिगारा बनवून प्रयोग झाले आहेत आणि काप जातो हे दिसलंय. पण मी वर सांगितलं ते सगळं मोजमापावर उभं आहे, आणि तिथे मोजायला आधीचा आकारच नाही. म्हणून असेंब्ली सोडवण्याचा अनुभव तिथे सरळ उचलून नेता येत नाही. धुळीचा भाग मात्र पुरेपूर लागू पडतो.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते कल्पक्कमच्या फास्ट ब्रीडर टेस्ट रिॲक्टरमुळे चांगलं कळतं. ही भट्टी १९८५ साली सुरू झाली. तिचं सुरुवातीचं इंधन ७० टक्के प्लुटोनियम कार्बाइड आणि ३० टक्के युरेनियम कार्बाइड. असं इंधन मुख्य इंधन म्हणून वापरण्याचा अनुभव कुणाकडे नव्हता. म्हणून ज्वलनाची, म्हणजे एक टन इंधनातून किती ऊर्जा काढायची याची, मर्यादा आधी कमी ठेवली आणि टप्प्याटप्प्यानं, २५, ५०, १०० आणि १५५ गिगावॅट-दिवस प्रतिटन ज्वलनानंतर, असेंब्ली काढून हॉट सेलमध्ये तपासल्या. प्रत्येक असेंब्लीत ६१ पिन, प्रत्येक पिन ५.१ मिलिमीटर व्यासाची. नळी किती फुगली, पिन किती लांबली, शेजारच्याशी अंतर किती उरलं, हे आकडे हातात आल्यावरच पुढची परवानगी मिळत गेली आणि ज्वलन १६५ पर्यंत पोहोचलं.

या कामात यायची इच्छा असलेल्यांसाठी एक सांगतो. लेसर शिकणं सोपं आहे. आधी एक साधी नळी घ्या, तिला मुद्दाम दोन-तीन मिलिमीटर बाक द्या, हात न लावता फक्त प्रोबच्या वाचनांवरून तो बाक किती आणि कोणत्या बाजूला आहे ते काढा, नळी फिरवून पुन्हा काढा आणि मग ती प्रत्यक्ष मोजून ताडून पाहा. दोन्ही उत्तरं ०.०५ मिलिमीटरच्या आत येईपर्यंत काप घेण्याची घाई करू नका.